चार मुलांची एकच नाडी

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी भंडारा जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

सकाळी लाखनीकडे निघालेली शाळेची गाडी उभ्या ट्रकवर मागून आदळली. चार मुलांना जवळच्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत चौघांची प्रमाणपत्रं ठाण्यात आली. सगळ्यांवर शेरा एकच : साधी दुखापत. मी त्याप्रमाणे कलमं लावली आणि चालकाला जामिनावर सोडलं.

सात वर्षांच्या एका मुलीचा बाप ठाण्यात आला. "साहेब, पोरगी रडूनच नाही राहिली जी. निस्ती पडून आहे. तिले भंडाऱ्याले नेऊ का?"

मी कागद बघितला. "साधा मार आहे. घरी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दवाखान्यात सफाई करणारी बाई ठाण्यात आली. "काल डाक्टर आलेच नाही जी. पोरायले कोनीच तपासलं नाही. कागद कंपाउंडरनं लिवले."

मी आधी जीप मुलीच्या गावी पिटाळली, मग कंपाउंडरला समोर बसवलं. गडी बधेना. "सह्या डाक्टरसाहेबाच्याच आहेत ना साहेब!" सह्या खऱ्याच होत्या. मी चारही कागद ओळीनं मांडले. चार वर्षांच्या पोराची नाडी ऐंशी, बारा वर्षांच्या पोराचीही ऐंशी.

"आपटून, घाबरून आलेली पोरं, आणि सगळ्यांची ऐंशी?"

मग त्यानं कबूल केलं. डॉक्टर कोऱ्या कागदांवर सह्या करून जात. उरलेला गठ्ठा आम्ही त्याच्या कपाटातून जप्त केला.

जीप मुलीला घेऊन भंडाऱ्याला पोचली तेव्हा तिचा जीव गेला होता. पोटात रक्तस्राव झाला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, ओरडणाऱ्या मुलाआधी गप्प पडलेल्या मुलाकडे धावायचं असतं. शाळेची पायरी न चढलेल्या बापाला हे कळलं होतं. सह्या करणारा डॉक्टर, कंपाउंडर आणि मी, आम्हा तीन शिकलेल्या मूर्खांना कळलं नाही.

पुढे प्रत्येक अपघातात मी प्रमाणपत्राआधी मूल पाहिलं. किती वाजता आणलं, कोणी तपासलं, पुढे कुठे पाठवलं, हे स्वतः विचारलं.

डॉक्टर आणि कंपाउंडरवर मी खोट्या कागदांचा गुन्हा दाखल केला. बापाचा जबाबही मीच लिहून घेतला. तो म्हणाला, "तुमी सांगतलं म्हनून मी तिले घरी नेलं जी." एवढं एक वाक्य मी जबाबातून गाळलं. खोटा कागद किती सहज लिहिला जातो, हे मला तेव्हा कळलं.