खालच्या काकांचा बर्फ

नवी मुंबईत बर्फ पडतो असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो शिरवण्यात, बरोबर माझ्या खालच्या घरात राहतो. मे महिन्याच्या दुपारी, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, आमचे खालचे काका गॅलरीत फुलबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून बसतात. हातात जाडजूड इंग्रजी कादंबरी. मुखपृष्ठावर गोठलेलं तळं, काठावर एक बूट, आणि बुटाचा मालक बहुधा तळ्याच्या तळाशी. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कात आजवर कागदावर जेवढे खून झाले, त्यांतले निम्मे तरी काकांनी याच गॅलरीतून पाहिले असतील. "खून करावा तर तिकडं," ते म्हणतात. "हितल्या उकाड्यात माणसाला राग येतो, पण टिकत न्हाई."

काका मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी त्यांनी पावणे गावातल्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. बाहेर घामाच्या धारा आणि आत गोठवलेल्या मासळीच्या पेट्या, अशा दोन ऋतूंत ते दिवसभर ये-जा करत. त्यामुळे थंडी हा त्यांचा हक्काचा विषय. एका कादंबरीत उघड्या होडीत बसून पोलीस अधिकारी पानभर भाषण देतो, तर काकांनी ती तिथंच मिटून मला परत केली. "एवढ्या गारठ्यात जबडा हलत न्हाई पोरी. हा लेखक हीटर लावून लिवतोय." इंग्रजी ते यंत्रांबरोबर येणारी माहितीपत्रकं वाचून शिकले, म्हणून प्रेमप्रकरणात अडखळतात, पण गोठलेल्या प्रेताचं वर्णन सरसर वाचतात. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असलेली तिकडची नावं सरळ गाळतात. तपास करणारा तो 'आपला साहेब', आणि कुठलंही बंदर आलं की ती 'त्यांची सारसोळ्याची जेट्टी'.

स्वेटर मात्र काकूंचे. नोकरी होती तोवर दर वर्षी एक नवा स्वेटर विणून तयार असे. काका निवृत्त झाले, त्याच सुमारास मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, आणि काकूंच्या सुया थांबल्या. मग बोलणंही थांबलं. दिवसभर खिडकीशी बसून राहायच्या. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. काका घाबरले ते त्यामुळेच. मी महाप्याला नोकरी करते आणि मला या काळोख्या कादंबऱ्यांचं वेड. त्यांतली एक सहज त्यांना वाचायला दिली होती. एका दुपारी ते ती काकूंना मराठीत सांगू लागले. साहेब रात्री घरी जातो, फ्रिज उघडतो, आत अर्धं लिंबू, इथवर गोष्ट आली तेव्हा काकू बऱ्याच दिवसांनी बोलल्या. "ह्याला घरात कुणीच न्हाई व्हय?" दुसऱ्या दिवशी त्या लोकर घेऊन गॅलरीत आल्या.

काकूंना रक्ताचं भय नव्हतं, पण साहेबाच्या जेवणाची काळजी होती. खुनी ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. पोलीस दारात आला आणि ज्यानं चहा-कॉफी विचारली नाही, तो खुनी. बाकीचा पुरावा त्यांच्या लेखी पाल्हाळ. या रीतीनं खुनी एकदाही सापडला नाही. पहिल्याच पुस्तकात अंदाज चुकला तेव्हा त्यांनी सुया खाली ठेवल्या, "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाल्या आणि पुढचे कितीतरी दिवस गॅलरीत आल्याच नाहीत.

पुढचं पुस्तक संपलं तेव्हा त्या मला जिन्यात भेटल्या आणि मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "त्यो डॉक्टरच निगाला बग. मी आधीच सांगितलं हुतं." पुस्तक माझंच. त्यातला डॉक्टर दुसऱ्या प्रकरणात मरतो. मी तोंड उघडणार, तोच काकूंच्या मागे, चष्मा कपाळावर चढवलेले काका मला हात जोडताना दिसले. मी तोंड मिटलं. मग एकटी गाठून त्यांनी मला समजावलं, "खुनी कोन का आसंना. तिच्या सुया चालल्या पायजेत."

तेव्हापासून काका सकाळी सोसायटीच्या बाकावर बसून दुपारचा खून दुरुस्त करायचे. काम सोपं नव्हतं. एकदा भरल्या लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "एकदा मारलेला मानूस परत उभा कसा करायचा गं?" शेजारच्या एक बाई तळमजल्याचं बटण दाबलेलं असूनही पहिल्या मजल्यावरच उतरल्या. पण दुपारी सगळं जुळून यायचं. घरून काम असलं की मी माझी खिडकी उघडी ठेवायचे. खालून काकांचा संथ आवाज यायचा, मधूनच काकूंचा "मग?" यायचा, आणि मला खरंच वाटायचं, की पारसिकच्या डोंगरावर पांढरं काहीतरी उतरतंय, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकांच्या ताडपत्र्यांवर भुरभुरतंय आणि सगळे भोंगे हळूहळू विझत चाललेत. तो आवाज मला फार आवडायचा.

गेल्या हिवाळ्यात एक नवीन पुस्तक चाललं होतं. त्यात बंदरावरची एक म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्या पोलिसांना कॉफी आणि केक देते. काकूंनी या वेळी स्वतःची रीतच मोडली. "ही बया लई कॉफी पाजतीया. कायतरी झाकतीया," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. शेवटचं प्रकरण राहिलं असताना त्यांची छाती दुखू लागली, आणि दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

पुस्तक गॅलरीतल्या स्टुलावर पडून राहिलं, त्यावर एका बाहीचा स्वेटर. काका त्याला हात लावेनात. मी ते वाचलेलं आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परवा दुपारी खालून हाक आली, "पोरी, जरा ये." मी गेले तर काका पुस्तक उघडून बसले होते, एका बाहीचा स्वेटर मांडीवर. ते मराठीत सांगू लागले, नेहमीसारखंच, साहेब जेट्टीवर जातो, बर्फ पडतोय, दार वाजवतो. मग थांबले. पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं.

"कॉफीवाली म्हातारीच हाय की," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू वाचलंयस न्हवं? मी बदललं न्हाई ना?"

"नाही काका. पुस्तकात तसंच आहे."

त्यांनी चष्मा काढून स्वेटरच्या बाहीनं पुसला, पुन्हा घातला, आणि खुर्ची थोडी आतल्या खोलीकडे, काकू बसायच्या त्या खिडकीकडे वळवली. मग उरलेली पानं त्यांनी जरा मोठ्या आवाजात, आत ऐकू जाईल अशी, एकही शब्द न बदलता वाचली.