संतोषचा रसाचा कारखाना

संतोष गंगापूर धरणाजवळच्या आमच्या वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखवतो. मी तिथेच लॅबमध्ये असतो. वाईन कशी हुंगायची, तोंडात घोळवायची आणि शेजारच्या बादलीत थुंकायची, हे तो इतकं गोड सांगतो की लोक खूश होऊन बाटल्या घेऊन जातात. घरी मात्र त्याने सांगून ठेवलंय की तो द्राक्षरसाच्या कंपनीत आहे. कारण त्याचे वडील धोंडीरामअण्णा द्राक्ष बागायतदार असले, तरी गळ्यात तुळशीची माळ. पोरगा वाईन पाजतो हे कळलं तर घराची दारं बंद होतील, अशी संतोषला धास्ती.

परवा अण्णा त्र्यंबकेश्वराहून परतताना अचानक आले आणि चाखण्याच्या टेबलाशीच स्टूल ओढून बसले. समोर पुण्याच्या स्नेहा मॅडम आणि त्यांचे मिस्टर होते, आणि बाटल्या पोचवायला लॅबमधून आलेलो मी. दोघांपुढे तीन-तीन ग्लासांत गेल्या तीन सालांच्या लाल मिश्र वाईन ओतून तयार होत्या.

"हा... शिराझ आणि कॅबर्ने या द्राक्षांचा एकत्र रस," संतोष म्हणाला. "जांभळाची चव, मागून मिरी. हा सगळ्यात जुना, तीन वर्षांचा."

"रस?" मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी छताकडे.

"तीन वर्षांचा?" अण्णांनी विचारलं. "मग नासला कसा नाय?"

तेवढ्यात घोट घोळवून मॅडम बादलीत पचकन थुंकल्या. अण्णा ताडकन उठले.

"ओ ताई! हे काय?"

"काका, असंच करतात. यांनीच शिकवलं."

"संत्या! छाटणीपासून तोडणीपर्यंत बायामाणसं उन्हात राबत्यात, आन तू लोकांना थुंकाया शिकवतो?"

"अण्णा, गिळलं तर चढते ना!"

बोलून गेल्यावर संतोषने स्वतःचंच तोंड दाबलं.

अण्णा शांतपणे खाली बसले. "आत आलो तवाच कळलं मला. बागेत पडलेला माल आंबला की ह्योच वास येतो. त्याचं मी बघून घेईन. पण थुंकायचं का, ते सांग."

त्यावर आपापले उरलेले दोन्ही ग्लास मॅडमनी आणि मिस्टरांनी गिळूनच टाकले. मग मिस्टर खुलले आणि तिन्ही सालांच्या पेट्या गाडीत टाका म्हणाले.

संध्याकाळी संतोष भीतभीत घरी गेला; पुढचं त्यानेच मला सांगितलं. आई दारातच होती, अण्णा ओसरीवर.

"काय हो, पोराची कंपनी कशी हाय?" आईने विचारलं.

"रसाचीच हाय," अण्णा म्हणाले. "पण लय नासाडी करत्यात."