डांबरगोळ्या आणि बोंबील

दत्तात्रेय राऊत सर आमच्या विद्यापीठाच्या संग्रहालयातले कीटक सांभाळतात. सर किती गरीब स्वभावाचे, कसे कुणाच्या अध्यात ना मध्यात, हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. मी शेजारच्याच टेबलावर बसते. आता त्यांच्याकडे बघितलं तरी मळमळतं.

सरांच्या बायकोनं गळ्यात माळ घातली आणि घरातली मासळी बंद झाली. सरांनी हूं की चूं केलं नाही. रेवसहून गुपचूप सुके बोंबील आणले आणि ठेवले चक्क कीटकांच्या कपाटात! खोलीभर डांबरगोळ्यांचा वास, त्यात बोंबलाचा कुणाला येणार? आम्ही जेवायला बाहेर पडलो की स्वारी स्पिरिटच्या दिव्यावर बोंबील भाजायची, तेही मेलेली झुरळं उचलायच्या चिमट्यात धरून. शी! खोलीतला तो खवट वास मी मेल्या उंदराचा समजत होते. हे सगळं सरांनी नंतर आपल्याच तोंडानं सांगितलं, जराही न लाजता.

रुचिता पाटील ही आमची संशोधक विद्यार्थिनी, नागावची. चार वर्षं तिनं नागाव-किहीमच्या वाड्यांमधून नारळावरचे भुंगेरे गोळा केले. त्यातली एक जात आजवर कुणी नोंदलेलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात परीक्षक ते भुंगेरे बघायला येणार होते आणि त्यावरच तिची पदवी अवलंबून होती.

सोमवारी तिनं ते भुंगेरे ठेवलेलं कपाट उघडलं. टाचण्या जागच्या जागी होत्या, भुंगेरे मात्र नव्हते. टाचण्यांखाली तपकिरी भुकटी आणि तीत वळवळणाऱ्या केसाळ, गलेलठ्ठ अळ्या. खालच्या खणात बोंबलांचा पुडा निघाला, त्यातही त्याच अळ्या. सुक्या मासळीतली ही कीड मेलेल्या किड्यांवरही ताव मारते, हे सर दर वर्षी वर्गात शिकवतात.

कपाटात एकही डांबरगोळी नव्हती.

"सर, गोळ्या कुठे गेल्या?" रुचितानं विचारलं.

"अगं, बोंबलाला वास लागत होता ना गोळ्यांचा. खाववत न्हवतं. म्हनून काढल्या."

एवढं बोलून सरांनी एक बोंबील टेबलाच्या कडेवर आपटला, अळ्या झटकल्या आणि तो परत पुड्यात ठेवला. मग ते तिच्या कानाशी वाकले.

"घरी बोलू नको हां, रुचिता. काकूला कळलं तर माझी काय धडगत न्हाय."

पोरीच्या चार वर्षांची भुकटी समोर पडली होती, आणि या माणसाला पडली होती बायकोची! किळस येते मला असल्या गरीब स्वभावाची.

रुचिता रडली नाही. तिनं मोबाइल काढून सरांच्याच घरी फोन लावला. "काकू, सरांचे बोंबील इथं कपाटात आहेत. अळ्या पडल्यात त्यांत. घरी आणून देऊ का?"

तेव्हा कुठे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.