बसस्टॉपवर पाहिलेला मुलगा

सांगलीहून निघताना धाकट्या बहिणीने, कुसुमने, माझ्या गळ्यात एक जोखीम घातली. तिच्या मुक्ताने स्वतःच पसंत केलेला निनाद अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करतो, आणि माझी लेकही तिथेच राहते.

"फोटोत केसांचा बुचडा आणि कानात डूल. असला जावई मला नको," कुसुम म्हणाली. "पण तू बघून ये. तू हो म्हणालीस तर मी गप्प बसेन."

गाडी सुटेपर्यंत मुक्ता माझा हात सोडेना. वर कुसुमची सूचना होतीच, "तिकडे साडीत गावंढळ दिसशील." म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली पँट विकत घेतली.

ॲन आर्बर म्हणजे विद्यापीठाचं गाव. नाक गळून पडेल अशा थंडीतही पोरं सायकली हाणत होती. शनिवारी निनादने मला जेवायला बोलावलं. लेक मला बसस्टॉपवर सोडून कामाला गेली, तो तिथे घ्यायला येणार होता.

लेकीचं जाकीट, कानटोपी, पँट आणि बूट अशा थाटात मी बाकावर बसले. शेजारी काळी हूडी (टोपी शिवलेला जाड सदरा) घातलेला कुणी तरुण होता. तोंडावर मफलर, नुसते डोळे उघडे. मी पर्स हळूच दुसऱ्या बाजूला घेतली. त्याने पाहिलं की नाही, कोण जाणे. जरा वेळाने तो उठला आणि आपली जागा दाखवत इंग्रजीत म्हणाला, इथे बसा, वारा कमी लागतो. मी नकारार्थी मान हलवली आणि पर्स आणखी घट्ट धरली.

वीस मिनिटं आम्ही शेजारी शेजारी वाट बघत होतो. शेवटी त्याने फोन लावला आणि माझ्या पर्समध्ये रिंग वाजली.

"मावशी?" मफलर खाली ओढत तो म्हणाला. "सो सॉरी. मुक्ता म्हणाली होती, मावशी कायम साडीत असतात. मला वाटलं, इथल्याच कुणी आजी आहेत."

घरी त्याने हूडी काढली, तर आत कडक इस्त्रीचा कुडता. केस बारीक कापलेले, कानाची भोकं रिकामी. पिठलं झकास होतं, भात मात्र चिकट झाला होता.

"बुचडा कुठे गेला रे?"

"कालच कट केला. तुम्हाला आवडणार नाही म्हणून."

मी माझ्या पँटकडे पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. फोटोतला मुलगा खरा की हा कुडत्यातला? आणि कुसुमला सांगायचं तरी कुणाबद्दल? त्याहून एक गोष्ट मला आतून खात होती. शेवटी विचारलंच.

"मी पर्स सरकवली, ते तू पाहिलंस?"

त्याने माझ्या ताटात पिठलं वाढलं. "अजून थोडं घ्या ना, मावशी."

परतीच्या विमानात तेच डोक्यात घोळत राहिलं. सांगलीला पोचले, तर कुसुम दारातच उभी होती आणि तिच्या मागे मुक्ता.

"काय गं, कसा आहे दिसायला?"

"ते मला अजून नीटसं कळलेलं नाही," मी बूट काढत म्हटलं. "माझं हो आहे, कुसुम. पण त्यानेही मला बघितलंय. त्याचं काय म्हणणं आहे, ते विचारून घे."