नमुन्याची बाटली

आमच्या ब्रुअरीत ताईला सगळेच ताई म्हणतात. मालकसुद्धा म्हणतात, आणि मालक तिच्याहून वयाने चांगले मोठे आहेत. सख्खा भाऊ मी एकटाच, बाटल्या भरायच्या मशीनवर. त्यामुळे तिच्याशी भांडायचा हक्क फक्त माझा, आणि तो मी वाया जाऊ देत नाही.

ताईचं काम चव घेण्याचं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे! मजा कसली डोंबलाची. कामाच्या दिवशी कच्चा कांदा बंद, अत्तर बंद, वासाचं तेल बंद. माझ्या बायकोने एकदा तिला चांगला सुगंधी साबण भेट दिला होता, तो तिने दुसऱ्या दिवशी मोठ्या प्रेमाने परत आणून दिला. सकाळी खिडक्या उघड्या ठेवून, पांढऱ्या टेबलाशी बसून, ती ग्लास नाकाशी नेते तेव्हा शेजारचा नुसता खोकला तरी तिच्या कपाळावर आठी येते. तिच्या नाकाला आम्ही सगळे घाबरून असतो. मी जेवणाच्या सुट्टीत चोरून सिगारेट ओढली की ती मला जिन्यातच अडवते.

आम्ही बिअरचे दोन-तीन प्रकार काढतो, पण आमचं नाव आहे ते स्टाउटमुळे. काळी, दाट, भाजलेल्या बार्लीची बिअर. ती बसवली आमच्या बाबांनी. उभं आयुष्य ते तिथे ब्रुअर होते. बार्ली किती भाजायची, किती टाकायची, हे त्यांनी कधी मोजून सांगितलं नाही. "नमुना माझ्या तोंडात आहे," म्हणायचे. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखाली तयार झालेले गृहस्थ ब्रुअर झाले. त्यांना आम्ही मिशीवाले म्हणतो, कारण फेस आधी त्यांच्या मिशीला लागतो आणि मग ओठाला.

आता बाबांचं तोंड तर घरी गेलं. मग नमुना आणायचा कुठून? ताईने तोडगा काढला. पास झालेल्या स्टाउटचे काही क्रेट कपाटात ठेवायचे आणि पुढचा प्रत्येक घाणा त्यातल्या एका बाटलीशी जुळवून बघायचा. बाटल्या संपत आल्या की नुकत्याच पास झालेल्या घाण्याचे क्रेट कपाटात जायचे. पद्धत इतकी सरळ होती की कोणी शंका घेतली नाही. मीही नाही. मी तर क्रेट उचलून कपाटात लावणारा माणूस.

नव्या घाण्याची चव नमुन्यापेक्षा नेहमी जराशी कडक लागायची. "थोडी बोचतेय," ताई म्हणायची. मिशीवाले मान डोलावून पुढच्या वेळी भाजलेली बार्ली किंचित कमी करायचे, गोडसर माल्ट किंचित वाढवायचे. किंचितच. मग जुळायची.

बाबा निवृत्तीनंतरही मंगळवारी चवीच्या टेबलावर यायचे. मानाची खुर्ची होती त्यांची. पहिली काही वर्षं ते गप्प बसून प्यायचे. मग म्हणायला लागले, "गोड होत चाललीय."

"नमुन्याशी जुळतेय बाबा," ताई म्हणायची.

"मग नमुना चुकलाय."

सगळे हसायचे. म्हातारा माणूस, जुने दिवस, आणखी काय! पण बाबांनी ते तुणतुणं सोडलं नाही. दर मंगळवारी तेच. एक दिवस मालकांसमोर ते ग्लास बाजूला सारून म्हणाले, "ही माझी बिअर नाही." ताई आधीच कशाने तरी वैतागलेली होती. ती सरळ म्हणाली, "बाबा, तुमची जीभ गेली आता. वय झालं. उगाच पुढच्या मंगळवारपासून धावपळ करू नका."

बाबा उठले, टोपी घेतली आणि गेले. पुन्हा ब्रुअरीत आले नाहीत. ताई आणि बाबा एकाच घरात राहतात, एका टेबलावर जेवतात, पण त्या दिवसापासून घरात स्टाउटचा विषय निघाला नाही. ताईने आणलेली बाटली बाबा हातात घेत नसत. बोलणं बंद नव्हतं. "पाणी आलं का", "दार लावलंस का", सगळं चालू होतं. मला वाटायचं, यापेक्षा कडाक्याचं भांडण परवडलं असतं.

मग आमच्याकडे पत्र्याचे डबे भरायचं मशीन आलं. बाटल्यांवर माझं पोट, त्यामुळे मी नाक मुरडलं. ताईनेही मुरडलं. "डब्यातली बिअर पत्र्यासारखी लागते," ती म्हणाली. मालक म्हणाले, वाद नको, करून बघू. एकाच दिवशी, एकाच टाकीतली स्टाउट निम्मी बाटल्यांत भरली, निम्मी डब्यांत, आणि सगळी एकाच खोलीत ठेवून दिली. थंडी गेली, उन्हाळाही सरत आला, तेव्हा ती बाहेर काढली.

ग्लास मी भरले, तेही पडद्याआड. कोणत्या ग्लासात काय ते फक्त मला माहीत होतं, आणि चेहरा कोरा ठेवताना माझी पुरेवाट झाली. ताईने डावा ग्लास घेतला, हुंगला, घोट घेतला. "ही आपली. मऊ आहे, मनुकांसारखी गोडी आहे, शेवटी जरा सोया सॉससारखं काहीतरी. नमुन्याशी बरोबर जुळते." मग उजवा घेतला. "ही ताजी दिसतेय. मागच्या आठवड्यातली असेल. बोचतेय. हिचं इथे काय काम?"

"डावी बाटलीतली, उजवी डब्यातली," मी सांगितलं. "दोन्ही एका टाकीतल्या. एका दिवसाच्या."

मला वाटलं, ती डब्यावर काहीतरी टोमणा मारेल. पण तिने पुन्हा डावा ग्लास घेतला, पुन्हा उजवा. मग कपाटाकडे बघत बसली. मिशीवाल्यांनी विचारलं, "काय झालं ताई?"

"बाटलीच्या बुचातून हवा आत जाते," ती म्हणाली. "अगदी थोडी. पण महिनोन्महिने जात राहते. तिने कडूपणा बोथट होतो आणि गोडी वर येते. डब्यात हवाच शिरत नाही, म्हणून कडूपणा होता तसा राहिला."

"हे तर आपल्याला माहीतच आहे," मिशीवाले म्हणाले.

"माहीत आहे ना? मग कपाटातला नमुना काय होता? तो दर वेळी जुना झालेला होता. आपण ताजी बिअर शिळ्या बिअरशी जुळवत आलो. जुळवली, ती कपाटात ठेवली, ती शिळी झाली, की पुढची तिच्याशी जुळवली. इतकी वर्षं." तिने उजवा ग्लास पुढे सरकवला. "बाबा बरोबर होते."

मला राग आला, आणि तो तिच्यावरच आला. हे सगळं माहीत असलेल्या माणसांनी ही चूक करावी? पण ज्यांना बिअरमधलं काही कळत नाही, ते नमुना ठेवायच्या फंदातच पडले नसते. मालक म्हणाले, झालं ते झालं, गिऱ्हाईक तर खूश आहे. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आपल्या खोलीत निघून गेले.

"घरी जाऊन बाबांना सांग," मी म्हणालो.

"नुसतं सांगून काय करू? त्यांची बिअर त्यांच्या हातात देते आणि मग सांगते."

तोंडाने माफी मागणं तिच्या जिवावर येतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण या वेळी तिची घाई बघून मला भीती वाटली. बाबा थकत चालले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला होता, त्यानंतर जेवणही अर्ध्यावर आलं होतं. ताई रोज मिशीवाल्यांच्या मागे लागायची. त्यांनी बाबांच्या हाताखालचे दिवस आठवून आठवून बार्ली पुन्हा पूर्वीसारखी काळी भाजली, वाढवलेला माल्ट काढून टाकला. दोनदा फसली. तिसऱ्या वेळी मिशीवाले घोट घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "हीच."

रविवारी दुपारी मी ताई-बाबांच्या घरी होतो. बाबा खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होते. ताईने आदल्याच दिवशी भरलेला डबा फोडला, ग्लास सावकाश भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. कपाटाचं, हवेचं, शिळ्या नमुन्याचं सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझं चुकलं बाबा. तुम्ही प्या आणि सांगा."

बाबांनी हात पुसले. ग्लास उजेडात धरला, फेस बघितला. घोट घेऊन तोंडात फिरवला. ताई परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी उभी होती.

"थंड आहे," बाबा म्हणाले. "दाट आहे. फेस बारीक आहे." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बाकी मला काही कळत नाही गं. त्या तापानंतर वास गेला, तो आलाच नाही. जेवतो तेही सवयीने."

ताईने जवळची खुर्ची ओढली. "मग सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तू आधीच सांगितलं होतंस सगळ्यांना." ते हसले. चिडून नाही, अगदी मनापासून. "तुझं म्हणणं खोटं नव्हतं. थोडं लवकर होतं, एवढंच."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"रडू नकोस," बाबा म्हणाले. "नाक चोंदेल, मग चव कोण घेणार? घे, पी. मला सांग कशी झालीय."

ताईने डोळे पुसले आणि नाक शिंकरलं. मग घोट घेतला. बाबांनी डोळे मिटले.

"आधी कडू," ती म्हणाली. "काळ्या कॉफीसारखी. मग भाजलेल्या पावाची करपलेली कड असते ना, तसं काहीतरी. जिभेच्या मागे कोरडं होतंय."

"बोचते?"

"बोचते."

"आणि गोड?"

"नाही बाबा. अजिबात गोड नाही."

बाबांनी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि उरलेली सगळी बिअर सावकाश, घोट घोट करून संपवली.