गणिताच्या बाई गोड बोलल्या

शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत समुपदेशनाच्या बाई बसत. मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं, गप्पबाई. ऐकलेलं पोटात ठेवायच्या, म्हणून. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "यांच्याकडून रजेचं कारण काढायचं तरी विहीर खणावी लागते."

नववीतली एक मुलगी त्यांच्याकडे यायची. बास्केटबॉल संघाची कर्णधार, म्हणून सगळ्यांची कॅप्टन. पहिल्याच भेटीत बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, "इथलं बाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच मला बोलावं लागेल, आणि तेही तुला आधी सांगून."

बरेच दिवस इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एकदा मुलीने तोंड उघडलं. आई मावशीच्या बाळंतपणाला गेलीय, असं घरचे जगाला सांगत होते. खरं तर ती व्यसनमुक्ती केंद्रात होती. बाबा घर सांभाळत होते, धोका असा काही नव्हता. पण धाकट्या बहिणीच्या वेण्या, डबा, कपडे हिच्या गळ्यात पडले होते आणि गृहपाठ मागे राहत होता.

एका मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय निघाला. "डोक्यावर बसलीय पोरगी," गणिताच्या बाई खेळाच्या सरांना म्हणाल्या. "वही आणत नाही, वर उलट उत्तरं. संघातून काढा, येईल ताळ्यावर."

सर होकाराने मान डोलवू लागले. गप्पबाईंना ते सहन होईना. 'तिला थोडा वेळ द्या, मी बघते,' एवढं म्हणून भागलं असतं. पण जीभ घसरली.

"अहो, तिची आई व्यसनमुक्ती केंद्रात आहे."

सगळे चिडीचूप. आणि त्या शांततेत बाईंना क्षणभर बरं वाटलं. कुणालाच माहीत नव्हतं ते आपल्याला माहीत होतं, याचं बरं. पुढे त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन खोलीत आली, पण बसली नाही.

"गणिताच्या बाईंनी आज मला बाळा म्हटलं," ती म्हणाली. "वही जमेल तेव्हा दे, म्हणाल्या. सरांनी विचारलं, जेवतेस ना नीट?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

तुझ्या बाबांकडून कळलं असेल, हे वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "हो. मीच."

"कुणाच्या जिवाला धोका होता?"

"नाही. तुला संघातून काढायला निघाले होते, म्हणून..."

"काढू द्यायचं होतं," मुलगी म्हणाली. "बाबांना मी काहीतरी सांगितलं असतं. आता वर्गात मान कशी वर करू?"

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. मुलगी तोवर दाराबाहेर गेली होती.

घरी नवरा म्हणाला, "तू तिची बाजूच घेतलीस ना?" बाईंनी जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं, तर त्याही म्हणाल्या, "भल्यासाठीच बोललात, सोडून द्या." त्या समजुतीने बाई आणखीच ओशाळल्या. त्यांनी दोन्ही शिक्षकांना हात जोडून सांगितलं, की आता हे इथेच थांबवा. "मी काय गावभर करणार आहे?" गणिताच्या बाई फणकारल्या, आणि मग नजर चुकवत म्हणाल्या, "फक्त माझ्या जावेजवळ बोलले, तिला कुठे पोरीचं नाव माहितीय." दुसऱ्या शाळेतल्या समुपदेशकांकडे जाशील का, असं मुख्याध्यापिकांनी कॅप्टनला विचारलं. तिने नको म्हटलं.

केंद्रातून परतल्यावर पालकसभेला तिची आई आली. वाळलेली, पण नीटनेटकी. मुलीला सोबत घेऊन सरळ बाईंच्या समोर उभी राहिली.

"तुम्हीच ना त्या? माझ्या मागे हिला तुमचा आधार होता. फार उपकार झाले."

म्हणजे पोरीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलावं, तर शिक्षकांना कळलंय हे त्या माउलीला इथे, या गर्दीत कळणार. गप्प राहावं, तर आभार पदरात घ्यावे लागणार. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होती.

"बरी आहात ना आता?" बाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"हो, बरी आहे," आई म्हणाली.

"आई, चल," कॅप्टन म्हणाली, आणि आईचा दंड धरून तिला पुढे घेऊन गेली.