नत्थूजींनी घरी आणलेलं दार

लकडगंजात नत्थूजींचं सागवानाचं दुकान आहे आणि शेजारी माझं हार्डवेअरचं. नत्थूजी बोटाच्या पेरानं लाकूड ठोकतात, कान लावतात आणि ते किती वाळलंय, आत पोकळ आहे का, सगळं सांगतात. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. घोळ तिथंच झाला. अशा माणसाला वाटू लागतं की जगातली प्रत्येक गोष्ट ठोकली की कळते. डॉक्टरसुद्धा ते त्याचं टेबल ठोकून निवडतात.

त्यांची मुलगी खुशी बारावी झाली. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि तिला तिथंच जायचं होतं. नत्थूजी जाऊन दार ठोकून आले.

"प्लायवूड हाये," ते म्हणाले. "तिथं नाही."

मग ते शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात गेले. तिथलं मुख्य दार आठ फुटी, जुन्या सागवानाचं. नत्थूजींनी ठोकलं, कान लावला, खालच्या कडेला नखानं ओरखडा काढून वास घेतला. वॉचमन धावत आला, तर यांचे डोळे भरलेले.

"जे लोक दरवाज्यात खोट करत नाही गा," त्यांनी वॉचमनलाच विचारलं, "ते शिकवण्यात काहून करतील?"

फीसाठी हुडकेश्वरचा प्लॉट विकावा लागणार होता. त्या प्लॉटवर घर होईल म्हणून त्यांच्या बायकोनं, शामलाताईंनी, बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. नव्या अंगणात लावायला डालड्याच्या डब्यात कढीपत्ता वाढवत होत्या.

"बाबा, मास्तर तं पाहून घ्या," खुशी म्हणाली.

"अवं, मास्तर बदलते. दरवाजा राह्यते."

प्लॉट गेला. मला भयंकर संताप आला आणि मी तो तोंडावर बोलून दाखवला. नत्थूजींनी माझं काउंटर ठोकलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुमचं मत मी नाही धरत."

चार वर्षांत तीन विषयांना मास्तरच आला नाही. चौथ्याला आला, तो आदल्या वर्षी तिथूनच पास झालेला पोरगा. शेवटी खुशीला नोकरी लागली ती त्याच कॉलेजात, अॅडमिशनच्या खिडकीवर. येणाऱ्या आईबापांना कॉलेज किती उत्तम आहे ते सांगायचं. पगार नत्थूजींच्या हमालापेक्षा कमी.

या उन्हाळ्यात कॉलेजनं आपोआप उघडणारं काचेचं दार बसवलं आणि जुनं लकडगंजात विकायला आलं. नत्थूजींनी खालचा ओरखडा पाहिला आणि दाराला मिठीच मारली. दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. मागितली ती किंमत देऊन, हातगाडीवर घालून घरी नेलं. पोचवायला मीही गेलो.

खोलीचं छत साडेसात फुटी, दार आठ फुटी. आडवं भिंतीला टेकवलं, त्यासाठी पलंग बाहेर काढावा लागला. खुशी कामावरून आली आणि चप्पल न काढता बघत उभी राहिली.

नत्थूजींनी दार ठोकलं. "ऐक वं. तोच आवाज. मी चुकलो नव्हतो."

शामलाताईंनी खिडकीतला कढीपत्त्याचा डबा उचलला आणि दारापाशी नेऊन ठेवला.

"दरवाजा लय चांगला हाये," त्या म्हणाल्या. "आता याले लावाले घर आना."